घोड्याची एसीटीएच आणि इन्सुलिन: सुई एक, सांभाळायच्या तऱ्हा दोन

घोडा पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभा राहायला लागतो. खुराला हात लावावा तर गरम लागतं. मग मालक म्हणतो, "डॉक्टरसाहेब, ती हार्मोनची काय टेस्ट असते, ती करून टाका." एका सुईत रक्त निघतं, दोन नळ्या भरतात, दोन्ही एकाच पिशवीत जातात. चार दिवसांनी मोबाइलवर रिपोर्ट येतो: सगळं नॉर्मल. घोडा मात्र तसाच लंगडतोय. नांदेड, परभणी, लातूर, कुठंही जा, हाच घोळ. 'हार्मोनची टेस्ट' अशी एक टेस्ट नसतेच. त्या दोन आहेत, एक एसीटीएचची, दुसरी इन्सुलिनची, आणि एकीसाठी जे चालतं त्याने दुसरी बिघडते.

आजारांतला फरक थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांना कळतो. एसीटीएच म्हणजे पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात येणारं हार्मोन, आणि ते तपासतात कुशिंग या आजारासाठी. हा आजार मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा, आणि बहुतेक करून पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांचा. केस लांब वाढतात, उन्हाळा आला तरी झडत नाहीत, पाठीवरचं मांस उतरतं. इन्सुलिन तपासतात ते चयापचय बिघडलेल्या घोड्यासाठी: मानेवर चरबीचा कडक उंचवटा, शेपटीच्या मुळाशी चरबीचे गोळे. खूर धरण्याचा त्रास, म्हणजे लॅमिनायटिस, दोन्हींत होतो, आणि दोन्ही आजार एकाच घोड्याला असू शकतात. म्हणून दोन्ही टेस्ट सोबत मागवणं बरोबरच आहे. दोन्ही नळ्यांना एकच वागणूक देणं चूक.

खरी मेख अशी: एसीटीएचचा आकडा बहुतेक वेळा रक्त काढल्यानंतर बिघडतो, इन्सुलिनचा रक्त काढायच्या आधीच बिघडलेला असतो. एकीत नळी सांभाळायची, दुसरीत घोडा. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

इन्सुलिन आधी घेऊ, कारण ते आपल्याला माहीत आहे असं सगळ्यांनाच वाटतं. प्रत्येक घरात शुगरचा पेशंट आहे, 'उपाशीपोटी या' हे पाठ आहे. तेच घोड्याला लावतात आणि रात्रभर त्याच्या पुढ्यात काहीच टाकत नाहीत. इथंच टेस्ट वाया जाते. या आजारात इन्सुलिन वाढतं ते खाण्याला उत्तर म्हणून. उपाशी ठेवलं की आजारी घोड्याचंही इन्सुलिन खाली येतं आणि रिपोर्ट निर्दोष दिसतो. उलट सकाळी भिजवलेला हरभरा किंवा गूळ घातलेली चंदी देऊन रक्त काढलं तर चांगल्या घोड्याचाही आकडा चढतो. साध्या टेस्टसाठी नियम एवढाच: रोजचा कडबा किंवा वाळलं गवत पुढ्यात असू द्या, आणि रक्त काढण्याआधी निदान चार तास चंदी, गूळ, पेंड काही नको. पोट हलकं ठेवतात ते फक्त साखरेचं सरबत पाजून करायच्या टेस्टला. त्यात मक्याचं सिरप वजनानुसार मोजून पाजतात आणि ठरल्या वेळी, साठ ते नव्वद मिनिटांनी, रक्त घेतात. सिरप मिळालं नाही म्हणून गुळाचं पाणी पाजणारे मी पाहिलेत. ते करू नका. गुळातली साखर वेगळी, तिचा आकडा कशाशीही ताडून बघता येत नाही. शिवाय खूर धरलेल्या घोड्याला उगाच साखर पाजणं धोक्याचं आहे.

दुसरं झायलाझीनचं. घोडा उभा राहीना म्हणून सुस्तीचं इंजेक्शन देतात आणि मग रक्त घेतात. झायलाझीनने इन्सुलिन दबतं आणि साखर चढते. आधी रक्त, मग सुस्ती, हा क्रम उलटा करू नये. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन तर दोन्ही टेस्टची वाट लावतं: इन्सुलिन वर ढकलतं, एसीटीएच खाली दाबतं. घोड्याला डेक्सा दिलंय का, हे रक्त काढण्याआधी विचारलंच पाहिजे. मोतद्दाराला विचारा, मालकाला माहीत नसतं.

नळीच्या बाबतीत इन्सुलिन तुलनेनं सोशीक आहे. साध्या, लाल झाकणाच्या नळीत रक्त घ्यायचं, सावलीत अर्धा-पाऊण तास गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून सिरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, वेगळं करायचं आणि थंड ठेवायचं. सिरम लालसर दिसलं तर रक्तपेशी फुटल्यात असं समजा आणि परत रक्त घ्या.

आता एसीटीएच. हे तसं सोसत नाही. गोठू द्यायचं नाही, म्हणून नळी ईडीटीएची, जांभळ्या झाकणाची, आणि प्लास्टिकची, कारण काचेला एसीटीएच चिकटतं. रक्त भरलं की नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची, झटकायची नाही. लगेच थंड डब्यात. आइसपॅक आणि नळी यांच्यामध्ये रुमाल किंवा कागदाची घडी हवी. नळी थेट बर्फाला टेकली की रक्त गोठून पेशी फुटतात.

आपल्याकडं काय होतं ते बघा. मे महिन्यात लोह्याकडच्या एखाद्या वस्तीवर रक्त काढतात, नळी शर्टाच्या खिशात घालतात आणि मोटारसायकलवरून नांदेड गाठतात. बाहेर बेचाळीस अंश, खिशात अंगाची ऊब. नळीत एसीटीएच तुटत राहतं आणि आकडा खाली घसरतो. म्हणजे आजारी घोडा निरोगी ठरतो. वाढलेला आकडा आला तर माणूस निदान शंका घेतो, परत तपासतो. नॉर्मल आला की फाईल बंद. म्हणून या चुकीचा मला सगळ्यांत जास्त राग येतो.

त्याच दिवशी, काही तासांत नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा प्लाझ्मा वेगळा करा. त्यासाठी पुण्याला जायला नको. तालुक्याच्या कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज असतं आणि काम दहा मिनिटांचं आहे. प्लाझ्मा माणसाच्यापेक्षा गडद पिवळा दिसेल. घोड्याचा तसाच असतो, ती कावीळ नव्हे. वरचा पिवळा भाग ड्रॉपरने साध्या प्लास्टिकच्या नळीत घ्या, मधल्या पांढुरक्या थराला हात लावू नका.

इथं एक पळवाट निघते. घोड्याच्या रक्तातल्या लाल पेशी पटकन तळाला बसतात. नळी तासभर उभी ठेवली की वर प्लाझ्मा आपोआप दिसतो. मग लोक म्हणतात, फिरवायची गरज काय? तोच ओतून घेतात आणि फ्रीझरमध्ये टाकतात. त्या प्लाझ्मात पेशी उरलेल्या असतात, गोठल्यावर फुटतात आणि आकडा भरवशाचा राहत नाही. फिरवलेला प्लाझ्माच गोठवा, आणि एकदा गोठवला की लॅबच्या दारापर्यंत वितळू देऊ नका. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत साध्या पिशवीतून पाठवायचा असेल, तर सरळ पाठवूच नका.

एसीटीएचच्या बाबतीत घोड्याकडंही थोडं बघावं लागतं. दुखणं, धावपळ, प्रवास यांनी आकडा चढतो. माळेगावच्या यात्रेतून टेम्पोत घालून आणलेल्या घोड्याचं दुसऱ्याच दिवशी रक्त घेऊ नका, वरातीत रात्रभर नाचलेल्याचं तर नाहीच. खूर धरलेला असेल तर आधी वेदना आटोक्यात आणा. आणि ऋतू: दिवस लहान व्हायला लागले की, साधारण श्रावणापासून दिवाळीपर्यंत, निरोगी घोड्यातही एसीटीएच वाढतं. मे मधला आणि सप्टेंबरमधला तोच आकडा वेगळं सांगतो. ऋतूप्रमाणे छापलेल्या मर्यादा मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतल्या घोड्यांवरून काढल्यात. लंडनला उन्हाळ्यातला दिवस साडेसोळा तासांचा, हिवाळ्यातला आठ तासांच्या आसपास. नांदेडला हा फरक सव्वादोन तासांचा. काठावरच्या आकड्यावरून औषध सुरू करण्यापेक्षा उन्हाळ्यात, दिवस मोठे असताना, परत तपासलेलं बरं.

कॉर्टिसॉल या तिसऱ्या हार्मोनचं एका वाक्यात: एकदाच काढलेल्या रक्तातल्या कॉर्टिसॉलवरून घोड्याचा कुशिंग ठरत नाही, माणसाच्या तपासणीच्या पॅकेजमध्ये आहे म्हणून ते करून पैसे घालवू नका.

लॅब निवडताना, घोड्याचे नमुने नेहमी करता का, हे फोनवर आधी विचारा. घोड्याचं इन्सुलिन माणसाच्यापेक्षा थोडं वेगळं असतं, आणि माणसासाठी बनवलेली काही किट ते नीट पकडत नाहीत. रिपोर्टवर शेजारी छापलेली माणसाची नॉर्मल मर्यादा घोड्याला लावणं म्हणजे अंदाजपंचे. पुढच्या वेळचं रक्तही त्याच लॅबला पाठवा, नाहीतर दोन आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. फॉर्मवर घोड्याचं वय, तारीख, रक्त काढल्याची वेळ, फिरवल्याची वेळ, शेवटचं काय आणि कधी खाल्लं, आठवडाभरात कोणती इंजेक्शनं झाली, हे सगळं लिहा. रिपोर्ट परभणीच्या किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवायला नेलात, तर तो कागद सोबत न्या.