व्हेक्टर चित्रण व साधे अ‍ॅनिमेशन (मराठवाड्यातील उपयोग)

बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या गणिती वक्ररेषा यांतून संगणकावर चित्र उभे करण्याची पद्धत. छायाचित्र रंगीत ठिपक्यांचे असते, म्हणून फार मोठे केले की फाटते. व्हेक्टर फाइलमध्ये बिंदूंच्या जागा, वक्रांची वळणे आणि रंग एवढेच नोंदलेले असल्याने एकच गणपती लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात आणि रस्त्यावरच्या कमानीवर सारखाच रेखीव उमटतो.

या वक्रांचे गणित फ्रान्सच्या मोटार कारखान्यांत घडले. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो १९५९ पासून त्यावर काम करत होते. रेनोतील पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात ते प्रसिद्धीस आणले. अशी चित्रे काढायच्या सॉफ्टवेअरपैकी इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आणि कोरलड्रॉ १९८९ मध्ये बाजारात आले. इंकस्केप २००३ पासून मोफत मिळते आणि शिकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

मराठवाड्यात डीटीपीची दुकाने, फ्लेक्सवाले आणि गाड्यांवर रेडियमची, म्हणजे चमकत्या चिकटकागदाची, अक्षरे कापून लावणारे रेडियमवाले यांच्याकडे कोरलड्रॉ रुळलेले आहे. हरिनाम सप्ताहाची पत्रिका, लातूरच्या शिकवणी वर्गांचे फलक, वाढदिवसाचे फ्लेक्स हे तिथले नेहमीचे काम. रेडियम कापणारे प्लॉटर यंत्र तर वक्ररेषेवरूनच पाते फिरवते, त्यामुळे त्याला व्हेक्टर फाइलच लागते.

खरे कौशल्य देवनागरीत लागते. जुन्या, युनिकोडपूर्व (सर्व लिपींची अक्षरे साठवण्याची समान पद्धत येण्याआधीच्या) फाँटमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसेल तर मजकुराऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. म्हणूनच छपाईला देण्याआधी ‘फाइल कर्व्ह करून पाठवा’ असे सांगितले जाते. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू दाबले की अक्षरांच्या आकृत्या होतात, पण मग मजकूर दुरुस्त करता येत नाही. मूळ प्रत वेगळी ठेवावीच. अशा अक्षरांना बाह्यरेषा दिली की शिरोरेखेच्या प्रत्येक सांध्यावर उभी चीर उमटते. पारदर्शक रंग दिला की सांधे गडद होतात. त्यासाठी आधी शब्द वेल्ड करून एकसंध करावा लागतो. फलक नीट केला आहे की घाईत, हे या सांध्यांवरून लगेच कळते.

पैठणीवरील नक्षी व्हेक्टरमध्ये आणण्याचा सराव उपयुक्त आहे. बांगडी-मोर या गोलात मोर असलेल्या नक्षीसाठी एकच मोर काढून त्याचे फिरण्याचे केंद्र वर्तुळाच्या मध्यावर नेतात आणि ९० अंशांवर प्रती घेतात. चार मोरांचे कडे तयार होते. मात्र हातमागावर धागे मोजून विणलेल्या मोराच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या असतात. छायाचित्रावरून सॉफ्टवेअरकडून आपोआप रेषा काढून घेतल्यास (ट्रेस केल्यास) त्या गुळगुळीत होतात आणि मोर कुठल्याही छापील मोरासारखा दिसतो. नोड, म्हणजे वक्रावरचे बिंदू, कमी ठेवावेत हा एरवीचा नियम इथे सोडून पायऱ्या राखाव्यात.

अ‍ॅनिमेशनसाठी आकृतीचे हलणारे भाग वेगवेगळ्या थरांवर ठेवतात. सुरुवातीची आणि शेवटची स्थिती, म्हणजे की-फ्रेम, ठरवली की मधल्या स्थिती सॉफ्टवेअर भरते. याला ट्वीनिंग म्हणतात. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी एक चित्र दोन फ्रेम ठेवून १२ चित्रांत भागते. वेग सुरुवातीला व शेवटी मंद ठेवला नाही तर हालचाल यांत्रिक वाटते. एका आकाराचा दुसरा करताना दोन्हींतील नोडची संख्या सारखी असेल तर रूपांतर सुबक होते. पूर्वी हे काम फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये चाले. ते दाखवणारा फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला. आता अ‍ॅनिमेट किंवा मोफत सिनफिग वापरता येते. कापसावरील गुलाबी बोंडअळीची अंडी, अळी, कोष, पतंग ही अवस्थांतरे दाखवायला ही पद्धत फार चांगली. चार थरांत सगळे शेतकऱ्यापुढे मांडता येते.

मराठी शब्द एकेका वर्णाने अवतरवताना मात्र तयार इफेक्ट फसतात. ‘लक्ष्मी’ युनिकोडमध्ये सात चिन्हांत साठवलेली असते, म्हणून आधी पाय मोडलेला क दिसतो आणि मग तो क्ष होतो. ‘शिव’मध्ये श आधी येतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी त्याला उजवीकडे ढकलते. म्हणून ‘लक्ष्मी’चे ‘ल’ आणि ‘क्ष्मी’ असे दोनच तुकडे हाताने पाडावेत. लेखणी फिरल्याचा आभास हवा असल्यास मास्क (चित्र झाकून हळूहळू उघडणारा आकार) वापरून आधी अक्षरे उघडावीत आणि शिरोरेखा शेवटी ओढावी, कारण मराठी हात तसाच लिहितो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या पत्रिका एमपी४ स्वरूपात काढतात. एसव्हीजी या प्रकारच्या व्हेक्टर फाइलमधील हालचाल वेब ब्राउझरमध्ये चालते, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.