केळं न घातलेली आणि धणे घातलेली

ब्रूपबच्या, म्हणजे बिअर तिथल्या तिथेच बनवणाऱ्या पबच्या यादीत गव्हाच्या दोन बिअर बरेचदा शेजारीशेजारी असतात: हेफेवायझन आणि विट. दोन्ही फिकट, दोन्ही गढूळ, दोन्हींवर जाड फेस. अल्कोहोल दोन्हीत साधारण ५ टक्के, कडवटपणा नावाला. नावांनी तर घोळ आणखीच वाढवलाय. बेल्जियममधली 'विट' म्हणजे पांढरी, आणि जर्मनीतल्या बव्हेरियात हेफेवायझनला सर्रास 'वाइसबिअर' म्हणतात, म्हणजे तीही पांढरीच. (मराठी टेबलावर 'वीट येईपर्यंत पिऊ' हा विनोद एकदा होतोच. तो उरकून घ्यावा.)

पहिल्यांदा हेफेवायझन, थोडक्यात हेफे, प्यायलो तेव्हा मी वेटरला छातीठोकपणे सांगितलं होतं की यात केळ्याचा इसेन्स घातलाय. त्याने आतून थेट ब्रूअरलाच, म्हणजे बिअर बनवणाऱ्यालाच बोलावून आणलं. रबरी बूट, ओले हात, आणि चेहऱ्यावर 'आज परत तेच' असे भाव. म्हणाला, "सर, पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. पाचवी वस्तू शोधून दाखवा, बिल माझ्याकडे." बिल अर्थातच मी भरलं. (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं.)

खरा फरक इथेच आहे. हेफेमधला केळ्याचा वास यीस्ट स्वतः तयार करतं. आंबताना त्यातून आयसोअमाइल अॅसिटेट सुटतं, आणि पिकलेल्या केळ्याच्या वासातलं मुख्य द्रव्यही तेच. मागून येणारी लवंगही यीस्टचीच करामत. धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून ते ४-व्हिनाइल ग्वायाकोल बनवतं, आणि लवंगेसारखा वास येतो तो त्याचा. म्हणून लवंग हवी असलेला ब्रूअर भरडलेलं माल्ट सुरुवातीला ४५ अंशांच्या आसपास थोडा वेळ भिजत ठेवतो, म्हणजे ते आम्ल मोकळं होतं. पुढे आंबवण्याचं तापमान चढं ठेवलं तर केळं वरचढ होतं. एका ठिकाणची हेफे बबलगमसारखी आणि दुसरीकडची मसालेदार लागते, ती अशा बारीक निर्णयांमुळे. माझं मत लवंगेच्या बाजूने. नुसत्या केळ्याचा दुसऱ्या ग्लासात कंटाळा येतो.

जर्मनीत या बिअरच्या माल्टमध्ये निम्म्याहून कमी गहू चालत नाही, आणि मसाले-फळं घालायची तिथे रीत नाही. गंमत अशी की बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध शुद्धता-नियमात जव, हॉप्स आणि पाणी एवढंच होतं. गहू त्यात नव्हताच. गव्हाची बिअर ही पुढे कित्येक वर्षं राजघराण्याची मक्तेदारी होती. १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडरने ती बनवण्याचा हक्क मिळवला, तेव्हा कुठे ती सामान्य ब्रूअरच्या हाती आली.

विटमध्ये मात्र घातलेलं असतं, आणि ते लपवायचं कारण नाही. भरडलेले धणे आणि कडू संत्र्याची साल उकळीच्या शेवटी पडते. गहू साधारण निम्मा, पण माल्ट न केलेला, कच्चा. कधी थोडे ओट्सही. यीस्ट इथे तुलनेने शांत. बेल्जियममधल्या होगार्डन गावात ही बिअर १९५७ मध्ये बंदच पडली होती. शेवटच्या ब्रुअरीत लहानपणी हातभार लावलेल्या पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६६ मध्ये ती पुन्हा बनवायला घेतली. आज जगभरच्या ब्रूपबमध्ये मिळणारी विट ही त्याच्या बिअरची वंशज.

गढूळपणाही एकसारखा नाही. हेफेत यीस्ट तरंगत असतं, रंग मधाकडे झुकतो. विटमध्ये कच्च्या गव्हाचा स्टार्च आणि प्रथिनं असतात, म्हणून ती फिकी, जवळजवळ ताकाच्या निवळीसारखी दिसते. पण मंद दिव्यांत रंगावर विसंबू नका, नाकावर विसंबा. दोन्हींचे छोटे ग्लास मागवा आणि कडेला खोचलेली लिंबाची किंवा संत्र्याची फोड आधी बाजूला काढा, नाहीतर दोन्हींना तिचाच वास येईल. बर्फासारखी गार असेल तर दोन मिनिटं थांबा. ग्लासावर तळवा ठेवा, हलकं फिरवा, मग हुंगा. हेफे जिभेवर गोलसर, भरलेली लागते. विट हलकी, कोरडी, चुरचुरीत असते आणि पटकन संपते.

बिघडतात त्याही वेगवेगळ्या. धण्यांचा हात सुटला की विटला साबणाचा वास येतो, आणि धणे जुने असतील तर हॅम नाहीतर सेलरीचा. हेफे जुनी झाली की केळं उडून जातं आणि उरतं ते नुसतं पिठूळ पाणी.

यादीत फक्त 'व्हीट' लिहिलेलं असेल तर ती बहुधा तिसरीच, अमेरिकन पद्धतीची असते. साध्या यीस्टची, ना केळं ना धणे. अशा वेळी एकच प्रश्न विचारायचा: यीस्ट कुठलं वापरता? वेटर आत जाऊन विचारून येतो, तोवर आधीचा ग्लास हुंगण्याजोगा झालेला असतो.