हेलिकॉप्टर: शब्द नेमका कुठे तुटतो?

‘हेलि’ अधिक ‘कॉप्टर’ अशी फोड बहुतेक सगळेच करतात, पण शब्द घडला तो ‘हेलिको’ आणि ‘प्टेर’ या दोन तुकड्यांतून. ग्रीक भाषेत ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्र आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. हा ‘प्टेरॉन’ आपल्याला परका नाही. संस्कृतातला ‘पत्’ धातू, पंख या अर्थाचे ‘पतत्र’ आणि आपला पतंग ही सगळी त्याच कुळातली.

शब्द यंत्राच्या बराच आधी आला. 1861 मध्ये एका फ्रेंच उमरावाने आपल्या कल्पनेतल्या यंत्रासाठी तो घडवला. पुढे त्याने वाफेवर चालणारे छोटे मॉडेलही केले, पण ते उडाले नाही. माणसाला घेऊन असे यंत्र जमिनीवरून उचलले गेले ते 1907 मध्ये, तेही फ्रान्समध्येच.

खरा गुंता त्यानंतरचा. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला ‘प्ट’ उच्चारला जात नाही. टेरोडॅक्टिल (pterodactyl) या प्राचीन उडणाऱ्या प्राण्याच्या इंग्रजी नावातला ‘प’ (p) लिहिला जातो, पण बोलताना गळतो. त्यामुळे इंग्रजी कानाला हा सांधा ऐकूच आला नाही. 1940 च्या दशकात यंत्रे कारखान्यांतून बाहेर पडू लागली, तसे ‘कॉप्टर’ सुटे झाले, ‘हेलिपोर्ट’ आला आणि पुढे हेलिपॅडही. शुद्धतावाद्यांचा आक्षेप असा की एकटे ‘हेलि’ सूर्यवाचक ‘हेलिऑस’शी, म्हणजे हेलियमच्या घराण्याशी गल्लत करते. आक्षेप व्युत्पत्तीच्या दृष्टीने बिनचूक आहे, तरी मला तो मान्य नाही. ‘बस’चेच पाहा. लॅटिन ‘ऑम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. त्यातला नुसता विभक्तिप्रत्यय कापून घेऊन जगाने वाहनाचे नाव केले. एसटी बसला कोणी अशुद्ध म्हणत नाही. शब्द कुठे तोडायचा हे शेवटी बोलणारेच ठरवतात, आणि व्युत्पत्तीने त्याची नोंद ठेवावी, निवाडा करू नये.

देवनागरीत मात्र एक गोष्ट टिकली आहे. आपण बोलताना ‘कॉप्-टर’ असेच तोडतो, पण लिहिताना ‘प्ट’ हे जोडाक्षर ग्रीक पंखाची सुरुवात अखंड ठेवते.

क्वाडकॉप्टरमध्ये, म्हणजे चार पंख्यांच्या ड्रोनच्या नावात, तर लॅटिन ‘चार’ला हाच तुटका तुकडा जोडला आहे. त्यातला ‘कॉ’ म्हणजे ‘हेलिको’चे उरलेले शेपूट.