लिथियम ब्रोमाइड: वाफेवर चालणाऱ्या चिलरमधलं खारं पाणी

चिंचवड, भोसरी, चाकणच्या काही कारखान्यांत बॉयलरची वाफ घेऊन गार पाणी देणारी यंत्रं असतात. पुण्याची थरमॅक्स कंपनी अशी यंत्रं बनवते. कामावरची माणसं त्यांना नुसतं 'व्हॅम' (व्हेपर ॲब्सॉर्प्शन मशीन, म्हणजे वाफ शोषून चालणारं यंत्र) म्हणतात. यात कॉम्प्रेसर नाही की फ्रिजमधला गॅस नाही. साधं पाणी आणि लिथियम ब्रोमाइडचं दाट द्रावण, एवढ्यावर सगळं चालतं.

लिथियम ब्रोमाइड हा पांढरा, स्फटिकी क्षार. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, पण हा क्षार उघडा राहिला तर हवेतली वाफ ओढून पार विरघळून जातो. २० अंश सेल्सिअसला १०० मिली पाण्यात तो १६० ग्रॅमच्या आसपास विरघळतो, आणि विरघळताना भांडं चांगलंच तापतं. म्हणून पाण्यात क्षार थोडाथोडा टाकत ढवळायचं. कोरड्या क्षारावर पाणी ओतायचं नाही, अंगावर उडतं. ६० टक्के द्रावण पाण्याच्या सुमारे १.७ पट जड असतं. पाच लिटरचा कॅन साडेआठ किलो भरतो, हे उचलण्याआधी ठाऊक असलेलं बरं.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असल्याने इथे पाणी ९८ अंशांना उकळतं. दाब पाऱ्याच्या ६ ते ७ मिलिमीटरपर्यंत उतरवला, तर तेच पाणी ४-५ अंशांना उकळतं. यंत्राच्या इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे पाणी उकळणाऱ्या भागात, नेमकं हेच घडतं. उकळणारं पाणी उष्णता ओढून घेतं आणि नळ्यांमधून १२ अंशांनी आलेलं पाणी ७ अंशांनी बाहेर पडतं. तयार झालेली वाफ तिथेच साठली तर दाब वाढून उकळणं थांबेल. शेजारच्या ॲब्सॉर्बरमधलं ६० टक्क्यांच्या वरचं द्रावण ती वाफ पिऊन टाकतं. पातळ झालेलं द्रावण यंत्रातल्याच 'जनरेटर' नावाच्या भागात (हा विजेचा जनरेटर नव्हे) बॉयलरच्या वाफेने तापवून पाणी उडवायचं की पुन्हा तयार.

एक युनिट उष्णता दिली तर एकपदरी यंत्र (तीच उष्णता एकदाच वापरणारं) सुमारे ०.७ युनिट गारवा देतं, दुपदरी (तीच उष्णता दोनदा वापरणारं) १.२ किंवा थोडा जास्त. विजेवरचा चांगला मोठा चिलर एका युनिट विजेत पाचाच्या पुढे जातो. तेव्हा वाया जाणारी उष्णता हाताशी असेल तरच हे यंत्र घ्यावं. त्यासाठी मुद्दाम बॉयलर बसवून एकपदरी यंत्र चालवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार.

सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे द्रावण खडे धरतं. ६५ टक्क्यांवर गेलं की ४०-४५ अंशांनाच स्फटिक पडू लागतात. पुण्यात याचा धोका मे महिन्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत जास्त. रात्री पारा १० अंशांखाली जातो, ॲब्सॉर्बरची उष्णता बाहेर हवेत सोडणाऱ्या कूलिंग टॉवरचं पाणी फार गार होतं आणि ॲब्सॉर्बरमधून निघणारं पातळ द्रावणही थंडगार निघतं. हीट एक्स्चेंजरमध्ये (दोन द्रावणं न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या भागात) ते समोरून येणाऱ्या दाट द्रावणाला नको तितकं निववतं, आणि दाट बाजूच्या तोंडाशी गच्च बूच बसतं. टॉवरचा पंखा आपोआप बंद होणं आणि पाणी वळवणारा बायपास व्हॉल्व्ह नीट चालणं, हे दिवाळीआधीच तपासून ठेवावं. बूच बसलंच तर जनरेटरमध्ये तुंबलेलं गरम द्रावण ओव्हरफ्लोच्या नळीतून थेट ॲब्सॉर्बरमध्ये उतरतं. पंप चालू ठेवला की तेच एक्स्चेंजर तापवून खडे विरघळवतं. तरीही सुटलं नाही, तर एक्स्चेंजरला बाहेरून शेक देत तासन्‌तास बसावं लागतं. हातोडीने ठोकून काही होत नाही.

वीज अचानक गेली तरी हेच होतं. साप्ताहिक सुट्टीआधी यंत्र थांबवताना आधी वाफ बंद करायची, पंप मात्र सगळीकडचं द्रावण सारखं पातळ होईपर्यंत चालू ठेवायचे. वीज गेल्यावर ही सवड मिळत नाही, म्हणून पंपांना जनरेटिंग सेटचा (डिझेलवर वीज देणाऱ्या यंत्राचा) आधार हवा.

दुसरा शत्रू हवा. यंत्र निर्वातात असल्याने गळती बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. ऑक्सिजन मिळाला की हे द्रावण पोलाद आणि तांबं खातं. गंजताना हायड्रोजन सुटतो, तोही दाब वाढवतो, गारवा घटतो. काचेच्या नळीत नमुना घेऊन उजेडात धरला आणि तो तांबूस, गढूळ दिसला, तर आधी गळती शोधावी. कोरडा नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावतात. गंज रोखायला लिथियम मॉलिब्डेट घालतात. जुन्या यंत्रांत लिथियम क्रोमेट असू शकतं. त्यातलं षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, म्हणून जुनं द्रावण काढण्याआधी त्यात काय आहे हे विचारावंच.

क्षार स्वतः पेट घेत नाही. डोळ्यांत गेलं तर निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवून डॉक्टरकडे जावं. पोटात जाणं जास्त वाईट. ब्रोमाइड एकेकाळी औषधच होतं. १८५७ मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइड फेफऱ्यावर गुणकारी असल्याचं सांगितलं. पण रक्तातलं निम्मं ब्रोमाइड बाहेर पडायला सुमारे १२ दिवस लागतात, त्यामुळे ते साठतं. बोलणं अडखळतं, भ्रम होतो, पुरळ उठतं.

काढलेलं द्रावण गटारात सोडू नये. ब्रोमाइड सांडपाणी प्रक्रियेत निघत नाही, मुळा-मुठेतून खाली जातं. तसलं पाणी पुढे कुठे ओझोनने शुद्ध केलं तर ब्रोमेट तयार होतं, ज्याची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. शिवाय लिथियम महाग. द्रावण बंद प्लास्टिक ड्रममध्ये भरून, गाळून, अल्कधर्मिता लिथियम हायड्रॉक्साइडने जुळवून बहुतेक वेळा त्याच यंत्रात परत घालता येतं.