अफेक्ट व त्याचे शब्दकुल

अफेक्ट : इंग्रजीतील एक बहुअर्थी शब्द. क्रियापद म्हणून परिणाम करणे, मनाला भिडणे आणि आव आणणे, तर मानसशास्त्रातील नाम म्हणून भाव असे त्याचे अर्थ होतात. अफेक्शन (माया, जिव्हाळा), अफेक्टेशन (कृत्रिम ढब) आणि अफेक्टेड (बाधित, तसेच नाटकी) हे त्याचे सगोत्र शब्द.

भावना, प्रभाव आणि ढोंग एका शब्दात कसे आले, याचे उत्तर लॅटिनमध्ये शोधावे लागते. ‘फाकेरे’ (करणे) या धातूपासून उपसर्ग लागून ‘आफिकेरे’ (एखाद्यावर क्रिया करणे, त्याला विशिष्ट अवस्थेत आणणे) हे क्रियापद झाले. परिणाम व भाव हे अर्थ त्याच्या ‘आफेक्तुस’ या रूपातून आले. याच क्रियापदाचे पौनःपुन्यदर्शक (क्रिया पुनःपुन्हा होते असे दाखवणारे) रूप ‘आफेक्तारे’ मात्र वेगळ्या वाटेने गेले : एखाद्या गोष्टीच्या मागे लागणे, तिची हाव धरणे. राजपदाची अशी आकांक्षा बाळगणे हा रोमन प्रजासत्ताकात अत्यंत गंभीर आरोप होता. त्यात ढोंगाचा लवलेश नाही. उलट तो हेतू खराखुरा असल्याचेच आरोप करणारा सांगत असे.

मग ढोंगाचा अर्थ आला कोठून? आवडीतून सवय व सवयीतून देखावा, अशी एक संगती लावता येते. परंतु वक्तृत्वशास्त्रातील वापर अधिक बोलका वाटतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाने शैलीच्या अतिरेकी हव्यासाला ‘माला आफेक्तातिओ’ म्हणजे वाईट हव्यास असे म्हटले. जे सहज येत नाही ते ओढूनताणून आणणे हा त्यातला दोष. हव्यास आणि कृत्रिमता येथे एकमेकांना भेटतात. इंग्रजी अर्थाची बीजे बहुधा येथेच असावीत. सतराव्या शतकाच्या प्रारंभी, सुमारे १६०५–०६ मध्ये, शेक्सपिअरने लिहिलेल्या ‘किंग लिअर’च्या पहिल्याच वाक्यात हे क्रियापद ‘एखाद्यावर मर्जी असणे’ या अर्थी येते आणि पुढे दुसऱ्या अंकात ‘उर्मट राकटपणाचा आव आणणे’ या अर्थी. दोन्ही अर्थ तेव्हा शेजारी नांदत होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

भाववाचक शाखेचा इतिहास अधिक सलग सापडतो. ग्रीक ‘पॅथॉस’साठी (मनोविकार, भावावेग) रोमन वक्ता सिसेरोने इ.स.पू. ४५ च्या सुमारास ‘पेर्तुर्बातिओ’ (क्षोभ) हा शब्द योजला, तर क्विंटिलियनने ‘आफेक्तुस’. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीनने हे पर्याय एकत्र नोंदवून त्यांत ‘पास्सिओ’चीही (भोगणे, सोसणे) भर घातली. शब्दाची निवड येथे गौण नव्हती, कारण क्षोभ म्हटले की भावना हा मनाचा बिघाड ठरतो, आफेक्तुस म्हटले की केवळ एक अवस्था. डच तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या १६७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एथिका’त या भेदाला तात्त्विक बैठक मिळाली. शरीराची कार्यशक्ती वाढवणारे किंवा घटवणारे परिणाम आणि त्याबरोबरच त्या परिणामांच्या कल्पना, म्हणजे ‘आफेक्तुस’ अशी त्याची व्याख्या आहे. तीत प्रभाव आणि भावना वेगळ्या काढताच येत नाहीत.

कोशकारांतही या शब्दाबाबत एकवाक्यता नाही. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात परिणाम करणे, मन हेलावणे, आकांक्षा धरणे व देखावा करणे हे अर्थ एकाच नोंदीखाली येतात. ऑक्सफर्ड कोशाने (पहिला खंडांश १८८४) मात्र दोन क्रियापदे मानली. व्युत्पत्तीच्या दृष्टीने दुसरी मांडणी अधिक ग्राह्य वाटते.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज कवी चॉसरच्या काव्यात आढळणारे ‘अफेक्ट’ हे नाम पुढे मागे पडले. मानसशास्त्रातील आजचे नाम जर्मन ‘आफेक्ट’वरून आले, ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या १८९५ च्या उन्मादविषयक (हिस्टेरियाविषयक) ग्रंथात ते मध्यवर्ती आहे. मनोचिकित्सेत रुग्णाच्या चेहऱ्यावरून, स्वरावरून दिसणारा तात्कालिक भाव म्हणजे ॲफेक्ट आणि टिकून राहणारी मनःस्थिती म्हणजे मूड, असा भेद करतात. या नामात आघात पहिल्या अवयवावर (सिलेबलवर) असतो, क्रियापदात दुसऱ्यावर. ‘इफेक्ट’ हा शब्द ‘एफिकेरे’ (घडवून आणणे) यापासून आलेला आहे. उच्चारसाम्यामुळे दोहोंची गल्लत होते.

प्रभाव व ढोंग या अर्थांच्या इतर इंग्रजी शब्दांची मुळे वेगळी आहेत. प्रभावार्थी ‘इन्फ्लुअन्स’चा मूळ अर्थ आत वाहणे; मध्ययुगात तो ग्रहताऱ्यांच्या प्रभावास लावत. ‘प्रिटेंड’ (बतावणी करणे) म्हणजे मुळात पुढे धरणे, त्यामुळे राजपदाच्या दावेदारालाही प्रिटेंडर म्हणत. ‘फेन’ (सोंग करणे) हा घडवणे, आकार देणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला.

मराठीत भाव, प्रभाव आणि आविर्भाव हे शब्द जवळजवळ हेच तीन अर्थ व्यापतात. आविर्भाव म्हणजे संस्कृतात प्रकट होणे. त्याला उसन्या अभिनिवेशाची छटा मराठीत आली. हे साम्य स्वतंत्रपणे घडलेले आहे, कारण लॅटिन शब्दांच्या मुळाशी ‘करणे’ आहे, तर या तिहींच्या मुळाशी ‘भू’, म्हणजे होणे. तरीही इंग्रजी शब्दासाठी एकच प्रतिशब्द चालत नाही. जुन्या वैद्यकीय ग्रंथांत ‘फुप्फुसाचे अफेक्शन’ म्हणजे फुप्फुसाचा विकार; तेथे मायेचा संबंध नाही.