लाज

आपल्यात काही उणे आहे आणि ते दुसऱ्याच्या नजरेस आले आहे किंवा येईल, या जाणिवेतून उद्भवणारी बोचरी भावना. राग किंवा भीती तान्ह्या मुलातही दिसते. लाज दिसायला मुलाने आधी स्वतःला ओळखावे लागते आणि घरातले 'चांगले-वाईट' थोडे तरी कळावे लागते, म्हणून ती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रकट होते. तिच्या खुणा ठरलेल्या असतात: मान खाली जाते, नजर चुकवली जाते, कानशिले तापतात. चार्ल्स डार्विन यांनी भावदर्शनावरील १८७२ च्या ग्रंथात चेहरा लाल होण्याला स्वतंत्र प्रकरण दिले आणि सगळ्या भावदर्शनांत हेच सर्वाधिक मानवी होय, असे मत मांडले.

लाज आणि अपराधभाव यांतला फरक मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये नेमका मांडला. अपराधभावात मन केलेल्या कृत्याभोवती घोटाळते, लाजेत माणूस अख्खा स्वतःच आरोपी होतो. त्यामुळे अपराधी वाटणारा भरपाई करू पाहतो, तर खजील झालेला तोंड लपवायला जागा शोधतो. ॲरिस्टॉटलने लाजेला सद्गुणांत बसवले नाही. ती तरुणांना शोभते, प्रौढाने मुळात लाजण्याजोगे काही करू नये, असे त्याचे म्हणणे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात मात्र 'ह्री', म्हणजे लाज, दैवी संपत्तीत मोडते, आणि बौद्ध परंपरेत हिरि (वाईट करण्याची लाज) व ओत्तप्प (वाईट करण्याचे भय) ही जोडी जगाची राखण करणारी मानली आहे. मानवशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी १९४६ मध्ये जपानची संस्कृती लाजेवर आणि पाश्चात्त्यांची अपराधभावावर उभी असल्याचे लिहिले. 'जनाची नाही तर मनाची तरी' असे बजावणाऱ्या मराठी माणसाला ही वाटणी पटणे कठीण, कारण एकाच माणसात दोन्ही नांदतात हे तो गृहीतच धरतो.

लाज कोणाच्या वाट्याला किती येते, हे मात्र ग्रंथांपेक्षा गावात पाहावे. सोलापुरात हजारो बाया विड्या वळतात. पान-तंबाखू घरी न्यायची, सूप मांडीवर घेऊन वळायचे आणि माल कारखान्यात आणून द्यायचा. तपासणारा साऱ्या रांगेदेखत बंडल सोडतो, बोटाने विड्या पसरतो आणि छाट, म्हणजे नापसंत विड्या, बाजूला सारतो. पैसे बुडतात ते वेगळेच. मागे उभ्या असतात त्या तिच्याच आळीतल्या बाया. पानच खराब आले असेल तर दोष तिचा नसतो, तरीही मान तीच खाली घालते.

१९७२ च्या दुष्काळात जिल्ह्यातली जमीनजुमला असलेली घरेही खडी फोडायला गेली. पण अख्खे गाव एकाच कामावर आल्यावर लाजायचे तरी कोणाला?

याउलट कायद्याने लादलेली लाज पिढ्यान्‌पिढ्या टिकते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची कुटुंबे तिथे डांबली गेली. त्यांची हजेरी घेतली जाई आणि हीच माणसे शहरातल्या कापड गिरण्यांत राबत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. वस्तीला मात्र सेटलमेंट हेच नाव चिकटले. नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना हात अडखळावा, एवढे ते नाव पुरेसे आहे. इथे कृत्य काहीच नाही, म्हणून भरपाईचीही वाट नाही. ज्यांनी कुंपण घातले त्यांना त्याची लाज वाटल्याचे फारसे दिसत नाही.

लाजवणे हे शासनाचेही हत्यार होते. उघड्यावरचा शौच थांबवण्यासाठी राज्यभर, सोलापूर जिल्ह्यातही, पहाटे 'गुड मॉर्निंग पथके' फिरली. कोणाला गुलाबाचे फूल दिले, कोणाचा फोटो काढला. ज्या घरात संडासाला जागा नाही आणि पाणीही नाही, तिथल्या बाईला फूल देऊन काय साधते, हा साधा प्रश्न पथकाला पडला नसावा. गुन्हेशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ मध्ये परत पोटात घेणारे लाजवणे आणि कायमचे बाहेर टाकणारे लाजवणे असा भेद केला. जातपंचायतीचा बहिष्कार दुसऱ्या प्रकारातला. त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला.

लाज झुगारण्याची परंपराही याच जिल्ह्यातली आहे. डोईचा पदर खांद्यावर आला तरी भरल्या बाजारातून जाईन, असे जनाबाई पंढरीच्या विठोबाला सांगते. बाईला धाकात ठेवणारी चारचौघांची नजर ती एका ओळीत निकालात काढते. सत्ता हाती असणाऱ्यांना त्यांचीच लाज दाखवण्याचा मोठा प्रयोगही पंढरपुरातच झाला. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी तिथे उपोषण सुरू केले. त्यात कोणावर बळजबरी नव्हती. आपल्या दारात एक माणूस उपाशी आहे, एवढेच गावाने पाहायचे होते. १० मे रोजी उपोषण सुटले आणि मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. मात्र ज्याची नजर आपण मोजतो त्याच्यापुढेच लाज वाटते. गुरुजींची नजर न मोजणारे सनातनीही पंढरपुरात होते, आणि त्यांच्यातल्या काहींनी विठ्ठलमूर्तीतले देवत्व काढून पाण्याच्या घागरीत ठेवले, असे सांगतात.