काँक्रीटमध्ये गाडलेलं लाकूड कुजत नाही?

पहिल्यांदाच स्वतः छोटी केबिन बांधणाऱ्याला हमखास सांगतात: खांब खड्ड्यात उभे करा, भोवती काँक्रीट ओता, लाकूड कुजत नाही. हे खरं नाही. लाकूड वाळलं की आकसतं, मधल्या केसभर फटीत पाणी उतरतं आणि तिथेच साचतं. खांब आधी जातो तो जमिनीलगत, कारण बुरशीला लागणारी ओल आणि हवा दोन्ही तिथे असतात. वरून रंग शाबूत, पण स्क्रू-ड्रायव्हर टोचला की सहज आत जातो! त्यापेक्षा काँक्रीटचा पाया जमिनीच्या वर काढा, त्यात गॅल्वनाइज्ड पट्टीचा आधार बसवा आणि खांबाच्या बुडाखाली बोटभर मोकळी जागा ठेवा. असे खांब गाडलेल्यांइतके ताठ राहत नाहीत, म्हणून तिरके टेकू आराखड्यातच धरा.